ट्यूनिसला जाताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)



परदेशप्रवास ही एके काळी श्रीमंतांची किंवा शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या विद्वानांची मिरास होती. आता तसे राहिलेले नाही. बेळगाव, पणजी, बडोदे, इंदूर अशा गावांतली मध्यम स्थितीची कुटुंबेही दोन-चार वर्षे पैसे बाजूला टाकून परदेशी जाऊन येतात. परंतु त्यांची वाट बहुधा ठरलेली असते. दुबई, सिंगापूर, नाहीतर लंडन, पॅरिस आणि रोम. भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठावर, सिसिली बेटाच्या समोर, ट्यूनिस नावाचे एक शहर आहे आणि त्याच्या अंगणातच हॅनिबलचे कार्थेज आहे, याची आठवण फार थोड्यांना होते. ज्यांना होते, तेही युरोपच्या सफरीत एखादा दिवस काढून घाईघाईने तेथे जाऊन येतात.

अशा घाईच्या प्रवाशाच्या हाती ट्यूनिस काहीच देत नाही, हे मला प्रथम सांगितले पाहिजे. रोममध्ये किंवा आग्र्यात एखादी भव्य वास्तू आपल्याला जागच्या जागी थक्क करते. ट्यूनिसमध्ये तसे होत नाही. तेथे पाहायचे असते ते हे, की एकाच जमिनीवर एकामागून एक किती लोक आले, प्रत्येकाने आधीच्याचे दगड उचलून आपले घर कसे बांधले, आणि त्या घरात आज कोण नांदत आहे. हे समजायला वेळ लागतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की शहराला आणि त्याच्या किनाऱ्याला मिळून किमान चार-पाच दिवस द्यावेत.

आता जायचे केव्हा? पावसाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जून ते सप्टेंबर उभा राहतो. तेथे सारे उलटे आहे. उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस थंडीत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते व किनाऱ्यावर गर्दी उसळते. डिसेंबर-जानेवारीत गार वारे सुटतात आणि छत्री लागते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. आपल्या शाळांच्या उन्हाळी व दिवाळीच्या सुट्या साधारण याच सुमारास येतात. मात्र निघण्यापूर्वी रमजानची तारीख पाहून ठेवावी. हिजरी वर्ष चांद्र असून त्यात आपल्यासारखा अधिक मास नसतो, त्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा उपाहारगृहे बहुतेक बंद असतात आणि कचेऱ्यांच्या वेळा आखडतात. उलट रात्री शहर जागे होते. ज्यांना ते पाहायचे असेल त्यांनी मुद्दाम तेव्हाच जावे. पण दुपारच्या जेवणाची सोय आधी करून ठेवावी.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातील एखाद्या शहरावरून जावे लागते. प्रवेशपरवान्याचे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील ट्युनिशियाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.

तेथले नाणे दिनार. एका दिनारचे शंभर नव्हे, हजार मिलीम होतात. त्यामुळे किमतीत दशांश चिन्हापुढे तीन आकडे असतात. पाटीवर 2.500 दिसले तर ते अडीच हजार नव्हेत, अडीच दिनार होत. बाजारात तर लोक बोलताना मिलीमचाच हिशेब सांगतात. भाजीवाल्याने ‘दहा हजार’ म्हटले तर घाबरू नये, तो दहा दिनारच मागत असतो. हे दिनार देशाबाहेर नेण्यास किंवा बाहेरून आणण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून पैसे थोडे थोडे बदलावेत, पावत्या जपून ठेवाव्यात आणि उरलेले दिनार विमानतळावर परत करावेत.

भाषा अरबी आणि तिच्या जोडीला फ्रेंच. 1881 ते 1956 पर्यंत देश फ्रेंचांच्या अमलाखाली होता. इंग्रजी सर्वत्र चालेल अशा भरवशावर राहू नये. परंतु मराठी माणसाने अगदीच परके वाटून घेण्याचे कारण नाही. हिशेब, बाकी, किताब हे शब्द आपल्याकडे अरबीतूनच आले आहेत. उच्चार थोडा बदलतो, इतकेच. आभार मानण्यासाठी तेथे ‘ऐशेक’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘देव तुला आयुष्य देवो’ असा आहे, म्हणजे आपल्या आजीच्या ‘औक्षवंत हो’ याचे सख्खे भावंडच. हा एक शब्द जरी आला तरी दुकानदाराचा चेहरा बदलतो.

आता शहराकडे वळू. ट्यूनिसचे दोन भाग आहेत. फ्रेंचांनी आखलेला नवा भाग सरळ व रुंद. त्याचा मुख्य रस्ता हबीब बुर्गिबा यांच्या नावाने ओळखला जातो. 2011 च्या जानेवारीत याच रस्त्यावर लोक हजारोंनी जमले आणि तेवीस वर्षे सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला देश सोडावा लागला. रस्त्याच्या पश्चिम टोकाला ‘बाब अल्-बहर’ म्हणजे समुद्राचा दरवाजा नावाची कमान उभी आहे. ती ओलांडली की जुने शहर लागते. त्याला मदिना म्हणतात.

मदिनेत नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. तिची रचना मात्र ध्यानात ठेवावी. मधोमध झैतूना मशीद. तिच्या अगदी लगत अत्तरे, मेणबत्त्या, ग्रंथ, रेशीम अशा स्वच्छ व सुवासिक मालाच्या पेठा. रंगारी, लोहार यांच्यासारखे आवाजाचे आणि वासाचे धंदे दूर, वेशीकडे. नाक आणि कान उघडे ठेवले तर आपण मध्यापासून किती दूर आलो हे कळते. मशिदीचा पाया सातव्या शतकाच्या अखेरीचा, आणि आजची इमारत मुख्यतः नवव्या शतकातली. नमाजगृहात इतर धर्मीयांना जाता येत नाही. ठरावीक वेळी प्रांगण पाहू देतात. तेवढेही पुरेसे आहे, कारण तेथले खांब निरखून पाहिले की एकाची कोरीव टोपी दुसऱ्याशी जुळत नाही असे दिसते. हे खांब कार्थेजच्या रोमन अवशेषांतून आणलेले आहेत. इतिहासलेखनाला शास्त्राची शिस्त लावणारा इब्न खल्दून 1332 साली याच गावात जन्मला. ढासळलेल्या राज्यांच्या दगडांतून हिंडतच तो वाढला, हे लक्षात घेतले की राज्ये का उठतात व का पडतात हाच प्रश्न त्याला जन्मभर का पडला असेल, याचा उलगडा होतो.

मशिदीपासून जवळच शेशियांची पेठ आहे. शेशिया म्हणजे लोकरीची तांबडी टोपी. सतराव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधून हाकलून दिलेल्या मुसलमान निर्वासितांनी या धंद्याला येथे भरभराट आणली. स्त्रिया टोपी घरी सैल व मोठी विणतात. मग ती पाण्यात मळून आटवतात, काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर लव काढतात आणि रंगवतात. इतक्या हातांतून गेलेली वस्तू विकत घेताना घासाघीस जरूर करावी, तो तेथला रिवाजच आहे. पण कारागिराचा जीव काढू नये. खाण्याच्या दुकानांत मात्र भाव करीत नाहीत. रविवारी बरीच दुकाने बंद असतात. कोणी अनोळखी गृहस्थ जवळ येऊन ‘आज मोठा उत्सव आहे, गच्चीवरून दाखवतो’ असे म्हणू लागला, तर ती गच्ची बहुधा एखाद्या गालिचाच्या दुकानावर असते. हसून ‘नको’ म्हणावे व पुढे चालावे. रागावण्याची गरज नाही.

एक अर्धा दिवस बार्दो संग्रहालयासाठी राखावा. जुन्या राजवाड्यात 1888 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात रंगीत दगडी तुकड्यांच्या रोमन चित्रांचा जगातला एक सर्वांत मोठा साठा आहे. कवी व्हर्जिल दोन कलादेवतांच्या मध्ये बसला आहे, ते चित्र चुकवू नये. सोमवारी संग्रहालय सामान्यतः बंद असते. 18 मार्च 2015 रोजी येथे अतिरेक्यांच्या हल्ल्यात अनेक परदेशी पाहुणे मारले गेले. पुढे 2021 च्या राजकीय धामधुमीत ते बंद पडले आणि 2023 च्या सप्टेंबरात पुन्हा उघडले. पाहुणे येईनासे झाले म्हणजे आधी उपाशी राहतो तो त्या हल्ल्याशी काही संबंध नसलेला टॅक्सीवाला, टोपीवाला, खानावळवाला. प्रवाशाने सरकारी सूचना जरूर पाहाव्यात, वाळवंटातील सीमेकडे जाऊ नये, पण एका दिवसाच्या भयाची शिक्षा साऱ्या गावाला देऊ नये.

आता कार्थेज. बुर्गिबा रस्त्याच्या पूर्व टोकाहून एक छोटी आगगाडी निघते. 1872 साली सुरू झालेला हा लोहमार्ग सरोवराच्या मधून बांध घालून नेलेला आहे. दोन्ही बाजूंना पाणी, कधी त्यात उभे रोहित पक्षी, आणि मग ओळीने स्थानके लागतात: ला गुलेत, सलांबो, कार्थेज हॅनिबल, सीदी बू सईद, ला मार्सा. हॅनिबल हे रेल्वेस्थानकाचे नाव ऐकून इतिहासाच्या शिक्षकाला तर गंमतच वाटते!

कार्थेजचे अवशेष एका आवारात नाहीत. आजच्या बंगल्यांच्या आणि बागांच्या मधून ते विखुरलेले आहेत. एकच तिकीट अनेक ठिकाणी चालते, तेव्हा ते टाकून देऊ नये. सकाळी लवकर कार्थेज हॅनिबल स्थानकावर उतरून बिर्सा टेकडी चढावी. दुपारी खाली समुद्राकाठचे स्नानगृह पाहावे. उन्हे उतरल्यावर सलांबोकडची दोन प्राचीन बंदरे पाहावीत, त्यांतले एक व्यापाराचे आणि दुसरे वर्तुळाकार, आरमाराचे. या शांत डबक्यांत एके काळी दोनशेवीस लढाऊ गलबतांची सोय होती असे प्राचीन लेखक सांगतो, तेव्हा कल्पनेला बराच ताण द्यावा लागतो. स्नानगृहातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण जे प्रचंड दगडी कमानींचे जंगल पाहतो ते केवळ तळघर आहे. स्नानाचे खरे दालन त्याच्याही वर होते. त्याचे पाणी झघुआनच्या डोंगरातून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या दगडी पाटाने येई. शेजारीच राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे. त्या दिशेने छायाचित्र घेऊ नये, पहारेकरी हटकतात.

बिर्सा टेकडीची कथा अशी, की तूर नगरीची राजकन्या एलिसा आपल्या फिनिशियन लोकांसह येथे उतरली आणि तिने स्थानिक राजाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजा ‘हो’ म्हणाला. तिने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने सारी टेकडी वेढून घेतली. परंपरेने हे साल इसवी सनापूर्वी 814 धरतात. पुढे तीन युद्धांनंतर इ. स. पूर्व 146 मध्ये रोमने कार्थेज जाळले. रोमनांनी तेथे मीठ पेरले, असे आपण ऐकतो. पण एकाही प्राचीन लेखकाने तसे लिहिलेले नाही, ती भर फार पुढची आहे. कार्थेजची ग्रंथालये विजेत्यांनी आफ्रिकेतल्या छोट्या राजांना वाटून टाकली. मागो नावाच्या पंडिताचा शेतीवरील अठ्ठावीस खंडांचा ग्रंथ तेवढा लॅटिनमध्ये उतरवून घेतला, आणि आज त्याचीही इतर लेखकांनी उद्धृत केलेली थोडी वचनेच उरली आहेत. म्हणजे कार्थेजबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक त्याच्या शत्रूंनी लिहिलेले आहे. सलांबोला लहान बालकांच्या जळक्या अस्थींचे कुंभ सापडलेले एक स्थान आहे. ती नरबलींची जागा की अकाली मेलेल्या बाळांचे स्मशान, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. वाटाड्या ठासून काहीही सांगो, आपण तेथे मान खाली घालून उभे राहावे आणि निकाल देण्याची घाई करू नये.

गंमत अशी, की टेकडीच्या उतारावर कार्थेजवासीयांची जी घरे आज दिसतात ती रोमनांमुळेच वाचली. माथा सपाट करताना त्यांनी माती खाली लोटली, आणि त्या मातीखाली जळकी घरे दोन हजार वर्षे सुरक्षित राहिली.

श्रोत्यांत जे माझ्यासारखे ख्रिस्ती असतील त्यांना या जागी आणखी काही आठवेल. 203 साली पर्पेतुआ व फेलिसिती या दोन तरुण माता येथल्या रंगभूमीत हुतात्मा झाल्या. 258 मध्ये बिशप सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला. संत ऑगस्टीन येथेच शिकले आणि येथेच शिकवू लागले. पण कार्थेजची मुले वर्गात इतका धिंगाणा घालीत, की कंटाळून ते रोमला गेले. तेथली मुले शांत निघाली, मात्र फी देण्याच्या वेळी गुरू बदलीत! शिक्षकाचा धंदा सोळाशे वर्षांत फारसा बदललेला नाही, एवढे समाधान मी तेथून आणले. ती प्राचीन मंडळी कालांतराने नामशेष झाली. टेकडीवर 1890 साली फ्रेंचांनी पुरे केलेले मोठे देऊळ आहे. पण 1964 च्या करारानंतर तेही उपासनेचे स्थान राहिले नाही.

अशा जागी मनात एक तक्रार उठते: ‘हे पूर्वी आमचे होते.’ ती तक्रार फक्त ख्रिस्ती माणसालाच येते असे नाही. प्रत्येक समाजाजवळ अशी एखादी टेकडी असतेच. म्हणून मी बिर्साच्या माथ्यावर बसून मोजू लागलो, की येथे ही तक्रार कोणाकोणाला करता येईल. वादीने वेढलेली जमीन ज्याची गेली त्या मूळ बर्बर राजाला येईल. जळलेल्या कार्थेजला येईल. रोमनांना व्हँडलांविरुद्ध, व्हँडलांना बायझंटाइनांविरुद्ध, त्यांना 698 मध्ये आलेल्या अरबांविरुद्ध, आणि अरबांना फ्रेंचांविरुद्ध. इतक्या वाद्यांचा खटला कोणत्या न्यायालयात चालवायचा? खाली शाळा सुटली होती. गणवेशातली मुले आरडाओरडा करीत स्थानकाकडे धावत होती. ऑगस्टीनचे विद्यार्थीच जणू. आज ते शहर त्यांचे आहे. आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने कातड्याची वादी कापत बसू नये.

आजही बुर्गिबा रस्त्यावरील 1897 च्या कॅथीड्रलमध्ये मिस्सा होते. तेथे बाकांवर बहुतांशी आफ्रिकेतल्या इतर देशांतून शिकायला आलेली तरुण मुले दिसतात. ला गुलेत बंदरात पूर्वी सिसिलीहून आलेल्या कोळ्यांची वस्ती होती. त्यांच्या त्रापानीच्या मातेची मिरवणूक 15 ऑगस्टला निघे आणि तीत मुसलमान व ज्यू शेजारीही सामील होत. पुढे ती अनेक वर्षे बंद होती, 2017 पासून पुन्हा सुरू झाली. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई यांना बहिणी मानणाऱ्या आपल्या गोव्याच्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही.

सीदी बू सईद हे कड्यावरचे पांढऱ्या भिंती आणि निळ्या दारांचे गाव. तेथील अबू सईद या सूफी संताचे निधन 1231 मध्ये झाले, त्यांचेच हे नाव. दुपारी तेथे गर्दी फार. सकाळी आठला किंवा सूर्यास्ताच्या सुमारास जावे, चिलगोजे घातलेला पुदिन्याचा चहा घ्यावा आणि खाली पसरलेले आखात पाहावे. पोहायचे असेल तर शेवटचे स्थानक ला मार्सा. जून ते सप्टेंबर पाणी सुखाचे असते.

एक-दोन दिवस हाती असतील तर काप बाँ या भूशिरावर जावे. तेथे जाण्यास ‘लुआज’ नावाच्या सामाईक गाड्या मिळतात. आठ उतारू भरले की गाडी सुटते, वेळापत्रक नाही. बेळगाव-कोल्हापूरकडे ज्याला वडाप म्हणतात तोच हा प्रकार. नाबुल गावी कुंभारकाम पाहावे. वसंतात तेथे नारिंगाच्या फुलांचा अर्क काढतात, तेव्हा गल्ल्या घमघमतात. शेजारीच हम्मामेतची वाळू. पण माझा आग्रह केर्कुआनसाठी आहे. केलिबियापर्यंत लुआजने व तेथून टॅक्सीने जावे. पहिल्या रोमन युद्धात हे छोटे गाव ओस पडले आणि त्यावर पुन्हा कोणी वस्ती केली नाही. म्हणून कार्थेजच्या लोकांचे घर कसे असे ते येथेच स्वच्छ दिसते. अंगण, विहीर, आणि जवळजवळ घरटी एक तांबड्या गिलाव्याचे बसून न्हाण्याचे कुंड. शत्रूंच्या ग्रंथांत क्रूर ठरलेली ही माणसे संध्याकाळी समुद्राकडून घरी येऊन अंग धूत असत, एवढी साधी गोष्ट हे दगड सांगतात.

इतिहासाचा आणखी एक धागा आपल्या देशाचा आहे. 1943 च्या एप्रिलात दक्षिणेकडील एन्फिदाविलच्या टेकड्यांवर चौथी भारतीय डिव्हिजन लढली. राजपुताना रायफल्सचे हवालदार-मेजर छेलू राम तेथे पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि स्फाक्सच्या युद्ध-दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्या बाजूला जाणाऱ्याने एक फूल ठेवावे.

जेवणाविषयी थोडक्यात. तिखटाची चिंता नको. हरिसा नावाची तांबड्या मिरचीची चटणी प्रथमच ताटात येते. कुसकुस, आणि आत अर्धकच्चे अंडे ठेवून तळलेले ‘ब्रीक’ अवश्य खावे. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. साध्या कोशिंबिरीवरही ट्यूना मासा व अंडे घालण्याची तेथे पद्धत आहे, तेव्हा ‘मासा नको, अंडे नको’ असे दोन्ही सांगावे. चण्याच्या गरम रश्शात शिळी भाकरी कुस्करून केलेले ‘लब्लाबी’ स्वस्त आणि पोटभरीचे असते. तेही सांगूनच घ्यावे. टॅक्सी पिवळ्या रंगाची, मीटर चालू करायला लावावे. रात्री नऊनंतर भाडे दीडपट होते, ती लबाडी नव्हे, नियम आहे.

निघण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा दिवस काही न पाहता मदिनेतल्या एखाद्या चहाच्या बाकावर काढावा. कोठून आलात असे कोणीतरी विचारीलच. ‘हिंद’ म्हणून सांगावे, आणि मग त्याला बोलू द्यावे. ट्यूनिसविषयीची उरलेली माहिती तोच आपल्याला माझ्यापेक्षा चांगली देईल.